तिसऱ्या रांगेतला डबा

कुवेतमधल्या मराठी मंडळात कुणाच्या मुलाला दहावीला किती टक्के मिळाले, हे त्या मुलाच्या आजीच्याही आधी वासंती मोहितेला कळायचं. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेतलं 'कौतुक' हे सदर तेरा वर्षं तिच्याकडे होतं. मे महिन्यात फॉर्म पाठवायचे, जूनमध्ये आठवण करायची आणि जुलैमध्ये दम द्यायचा, अशी तिची पद्धत. फॉर्मही तिनंच तयार केलेला. त्यात चार रकाने होते: परीक्षा, शास्त्रीय कला, ऑलिम्पियाड आणि परदेशी विद्यापीठात प्रवेश. खेळासाठी रकाना नव्हता. इतक्या वर्षांत तो कुणी मागितलाही नव्हता. एका मुलीनं एकदा मागितला होता, पण ती घरचीच होती.

म्हणून ऑस्ट्रेलियाहून आलेली ती मेल वाचताना वासंतीला पहिल्यांदा वाटलं, ही चुकून आपल्याकडे आली.

मेल लिहिणारा हारून म्हणून कुणी होता. अ‍ॅडिलेडमधल्या एका शाळेत शिक्षक. त्यानं लिहिलं होतं की तिथल्या वर्तमानपत्रांना बायकांच्या बास्केटबॉलसाठी जागा नसते, त्यामुळे सात वर्षं तो स्वतःच कॅमेरा घेऊन अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये जाऊन बसतो आणि दर आठवड्याला एका खेळाडूवर आपल्या वेबसाइटवर लेख लिहितो. येत्या सोमवारी तो अक्षरावर लिहिणार होता. अक्षरा म्हणजे वासंतीची मुलगी. वय सव्वीस, फिजिओथेरपिस्ट, गेल्या वर्षी ऑस्ट्रेलियाची नागरिक झालेली, तिथल्या राज्य लीगमधल्या एका क्लबची कॅप्टन.

पुढे त्यानं लिहिलं होतं: 'अक्षरानं मला कुवेतमधल्या शाळेच्या मॅचचा एक जुना फोटो दिला आहे. त्यात तिसऱ्या रांगेत एका रिकाम्या खुर्चीवर स्टीलचा डबा दिसतो. मी विचारल्यावर ती म्हणाली, हा माझ्या आईचा. आई प्रत्येक मॅचला डबा घेऊन यायची, फोटो काढला तेव्हा ती पाणी आणायला गेली होती. मला ही गोष्ट फार आवडली. लेखाची सुरुवात तिथूनच करतो आहे. तुम्ही स्वतः दिसता असा एखादा फोटो आहे का? आणि मुलीला पहिल्यांदा खेळताना पाहिलं तेव्हा काय वाटलं, ते दोन ओळींत लिहाल का?'

वासंतीनं फोटो मोठा केला. अक्षरा अस्पष्ट होती, डबा मात्र स्पष्ट. चार पुडांचा, कडीला निळी नायलॉनची दोरी गुंडाळलेला. असला डबा तिच्या घरात कधीच नव्हता. आणि अक्षराच्या एकाही मॅचला ती कधी गेली नव्हती.

"काय झालं?" धैर्यशीलनं, तिच्या नवऱ्यानं, चहा ओतता ओतता विचारलं.

"अक्षूचा फोटो मागतायत. खेळतानाचा, लहानपणचा."

"मग दे की. तुझ्याकडे तर सगळ्या गावाच्या पोरांचे फोटो असतात."

तो टोमणा नव्हता. वीस वर्षं सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला टोमणा मारता येत नाही. पण वासंतीला तो लागला.

तिनं हार्ड डिस्क काढली. वाढदिवस, हळदीकुंकू, वफ्राच्या शेतावर गेलेली सहल, भरतनाट्यमचा एकमेव कार्यक्रम. पहिल्या तासाभरात तिला खेळतानाचा एकही फोटो सापडला नाही, पण दुसरंच काहीतरी दिसायला लागलं. तेराव्या वर्षापासूनच्या प्रत्येक फोटोत अक्षरा कंबरेतून नीट उभी होती आणि गुडघ्यात वाकलेली होती. सहलीत, आरतीला, मॉलमधल्या कारंज्यापुढे. चौदाव्या वर्षी पाच फूट दहा इंच झालेली मुलगी चारचौघींच्या ओळीत उभी राहिली की वासंती कॅमेऱ्यामागून सांगायची, "अक्षू, गुडघ्यात वाक जरा. ताडासारखी दिसतेस." सुरुवातीला सांगावं लागायचं. नंतर कॅमेरा दिसला की पोरगी आपोआप वाकायची. एका फोटोत तर ती एकटीच होती, शेजारी कुणीच नव्हतं, तरी वाकलेली.

वासंतीनं लॅपटॉप मिटला.

अ‍ॅडिलेडला तेव्हा दुपार होती. तिनं फोन लावला.

"अक्षू, तो डबा कुणाचा?"

"कुठला डबा?"

"हारूनला दिलास त्या फोटोतला."

"ओह. त्यानं तुला मेल पण केली? लवूकाकांचा. शाळेतले कार्पेंटर काका. ते व्हिडिओ काढायचे ना, म्हणून खुर्चीवर डबा ठेवायचे. नाहीतर नाइन्थची पोरं जागा पटकवायची."

"मग माझा म्हणून का सांगितलंस?"

"त्यानं विचारलं, 'इज दॅट युअर मम्स?' आणि माझ्या तोंडून 'येस' गेलं. मग म्हणाला, 'सो वेअर इज शी?' म्हटलं, पाणी आणायला गेलीय." ती हसली, पण हसू फार टिकलं नाही. "आई, सगळ्यांच्या स्टोरीत आई असते. आमच्या टीममधल्या एकीची आई तीनशे किलोमीटर गाडी चालवून येते. मला एक्सप्लेन करत बसायचं नव्हतं. इट्स नॉट अ बिग डील."

"लोक वाचतील गं ते."

"कोण वाचणारे? आम्ही फायनल जिंकलो त्या दिवशी इथल्या पेपरात एका फुटबॉलवाल्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर अर्धं पान होतं. आमचा साधा स्कोअर पण नाही. हारूनचं दोन-तीनशे लोक वाचतात, त्यातले निम्मे आमचेच नातेवाईक. लिहू दे त्याला. तू फक्त दोन ओळी पाठव. तू तर एक्स्पर्ट आहेस."

नातेवाईक. वासंतीनं ती वेबसाइट आजपर्यंत एकदाही उघडली नव्हती.

फोन ठेवते न ठेवते तोच चारुताचा फोन. चारुता म्हणजे मंडळाची अध्यक्ष. धैर्यशीलनं उघडी राहिलेली मेल वाचली होती आणि डब्याची गोष्ट कौतुकानं तिच्या कानावर घातली होती.

"काय गं वासंती, लपवून ठेवलंस होय! ऑस्ट्रेलियातली खेळाडू, कॅप्टन, आणि आपल्या मंडळाची मुलगी! कौतुकमध्ये आख्खं पान दे. मला ते डब्याचं फार आवडलं. शीर्षकात आई आली पाहिजे, काय? 'माउलीची तपश्चर्या' असं काहीतरी. तू करशीलच."

"बघते," वासंती म्हणाली.

बघण्यासारखं काय होतं? अक्षरा दहावीत असताना तिनं स्वतःच कौतुकचा फॉर्म भरला होता. चार रकान्यांखाली पट्टीनं रेघ मारून पाचवा रकाना आखला होता आणि त्यात लिहिलं होतं, 'खेळ: आंतरशालेय बास्केटबॉल, उत्कृष्ट खेळाडू'. वासंतीनं तो फॉर्म बाजूला ठेवला. "सदर मी बघते बाळा. घरच्याच मुलीचं घातलं तर लोक काय म्हणतील?" असं ती म्हणाली आणि ते इतकं शोभून दिसलं की तिला स्वतःलाही खरं वाटलं. त्याच अंकात अक्षराचं नाव मात्र होतं. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत 'ब' श्रेणी. तेव्हा लोक काय म्हणतील हा प्रश्न पडला नव्हता. चड्डी घालून, घामाघूम होऊन, मुलांसारखी धावणारी मुलगी आणि बोर्डात एकाहत्तर टक्के, ही जोडी तिला छापायची नव्हती, एवढंच.

पण वासंतीला टोचत होतं ते हेही नव्हतं. लवूकाका हे नाव ऐकल्यापासून तिला जे आठवत होतं, ते वेगळंच होतं.

त्याच वर्षी स्वयंपाकघरातलं कपाटाचं दार निखळलं म्हणून शाळेतल्या कुणीतरी सुचवलेला एक कोकणी सुतार घरी आला होता. बिजागरी बसवता बसवता त्यानं भिंतीवरचा फोटो बघितला आणि त्याचा चेहरा उजळला. "ह्या अक्षराचा घर काय? ताई, तुमचा चेडू काय खेळता! एकदा बघूक येवा. मी एक मॅच चुकवूक नाय."

वासंतीनं चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला, पण ती हसली नाही. काम झाल्यावर तो गेला आणि तिनं शाळेच्या ऑफिसला फोन केला. मुलींच्या मॅचला मेंटेनन्सची माणसं का बसतात? कपडे कसे असतात मुलींचे, तुम्हाला माहीत आहे ना? ऑफिसातल्या बाईनं "नोटेड, मॅडम" म्हटलं. वासंतीला त्या दिवशी आपण जागरूक आई आहोत असं वाटलं होतं. ते समाधान तिला अजून आठवत होतं, त्याचीच आता शिसारी येत होती.

शुक्रवारी सकाळी ती एगैलातल्या घरून गाडी काढून हवल्लीला, लवूच्या खोलीवर गेली. लवूचा नंबर अक्षराकडेच होता, आणि त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. गाडी लावायला जागा मिळेना तेव्हा एक पिकल्या केसांचा माणूस धावत खाली आला, एका इमारतीच्या हारिसला, म्हणजे रखवालदाराला, हाक मारून त्यानं साखळी काढायला लावली आणि हातवारे करत गाडी आत घेतली. लवू सातार्डेकर. शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

"तुमका कित्याक येवचा लागला ताई? फोन केल्यात असता तर मीच इलंय असतंय."

खोलीत सहा खाटा होत्या. बाकीचे पाचजण बाई येणार म्हणून आधीच जिन्यात जाऊन बसले होते. बांगड्याचा वास होता. खिडकीत तो डबा पालथा घालून ठेवला होता, निळ्या दोरीसकट. वासंतीनं तो पाहिला आणि दुसरीकडे बघितलं.

लवूनं खाटेखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला. आत मेमरी कार्डं होती, प्रत्येकावर पट्टी चिकटवून पेनानं तारीख आणि समोरच्या शाळेचं नाव लिहिलेलं. वासंतीच्या कौतुकाच्या फायलीही इतक्या नीट नव्हत्या. त्यानं एक कार्ड निवडून फोनला जोडलं.

"ही फायनल."

पडद्यावर अक्षरा होती. गुडघ्यात वाकलेली नव्हती. ती वर गेली, आणि वर गेली ती थोडा वेळ तिथंच राहिल्यासारखी वाटली, दोन्ही हात पूर्ण पसरलेले, आणि चेंडू जाळीतून खाली आला. कॅमेऱ्याच्या जवळूनच एक आवाज फुटला, "गो बाय माझे!" तो लवूचा होता. खाली आल्यावर अक्षराची नजर आधी तिसऱ्या रांगेकडे गेली. तिथं डबा होता. मग ती कॅमेऱ्याकडे बघून हसली.

वासंतीनं विचारलं, "तुम्ही... तुम्ही कॅमेऱ्याचं काम कसं करायला लागलात?"

"ता होय?" लवू हसला. "पयलो मी थंयच बसा, तिसऱ्या रांगेत. माझी सुट्टी तेवाच, जेवणाचो डबो घेवन. मगे कोणी पालकान हापिसात फोन केल्यान. मेंटेनन्सची माणसा चेडवांका बघूक बसतत म्हणान." त्याचं हसू हळूहळू उतरलं. "माका बोलावन सगळ्यांसमोर विचारल्यानी. ताई, माझी द्वारका अक्षराच्याच वयाची. दोन वर्षांन एकदा तिचा तोंड बघी. तीन दिवस माका जेवण गेला नाय. वाटला, खरोखरच आपल्या नजरेत काय असा काय? मगे कोचसर म्हणाले, ह्यो कॅमेरो धर. आता तू ड्युटीर आसस, कोण उठवता बघूया. आमका चुका बघूक व्हिडिओ व्हयेच. तेच पुढे चेडवान ऑस्ट्रेलियाक धाडल्यान. ट्रायलाक."

तो ट्रायलचा व्हिडिओ शाळेनं काढलेला, असं वासंती गेली आठ वर्षं सगळ्यांना सांगत आली होती.

लवूनं दिलेला चहाचा कप तिनं खाली ठेवला. "लवू," ती म्हणाली, "तो फोन मी केला होता."

जिन्यात कुणीतरी मोठ्यानं हसलं आणि गप्प झालं. लवूनं कार्ड फोनमधून काढलं, पट्टी नीट दाबली, पत्र्याच्या डब्यात ठेवलं. झाकण लावलं. ते नीट बसलं की नाही हे त्यानं बोट फिरवून चारी बाजूंनी पाहिलं.

"चाय थंड झाली तुमची," तो म्हणाला.

"मला माफी मागायची आहे. आणि नुसती तुमच्याकडे नाही. मी हारूनला सगळं लिहिणार आहे. मी एकाही मॅचला आले नाही हे, आणि तो फोनही. सगळं."

"चेडवाक ठाऊक असा? फोनाचा?"

"नाही."

"मग नको."

"का? तुमच्यावर इतका..."

"ता थंय एकटा रवता, ताई." तो तिच्याकडे बघत नव्हता, झाकणाकडे बघत होता. "आवशीन बघूक येवक नाय, ह्या तेका ठाऊक असा. तेवढा तेनी पचवल्यान. ह्या कित्याक सांगतास? तुमका हलक्या वाटात. तेका जड जायत."

वासंतीनं खिडकीतल्या डब्याकडे बघितलं.

"डबो माझो म्हणान लिवा. नाव घाला, लवू सातार्डेकर, सातार्डा. फोटो होयो तेवढे घेवा. पण फोनाचा नको."

गाडी आत घ्यायला धावत आलेला माणूस तिला सोडायला खाली आला नाही. पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन तो खाटेवर बसून राहिला. पाचजण जिन्यात बाजूला सरकले आणि त्यातल्या एकानं "सांभाळून ताई, पायरी फुटकी असा" म्हटलं.

घरी येऊन ती लॅपटॉपपुढे बसली. मुलांच्या यशाबद्दल सुंदर दोन ओळी लिहायला तिला एरवी चार मिनिटं लागत. हारूनला लिहायला तिला संध्याकाळ झाली. तिनं इंग्रजीत लिहिलं:

'मुलीला पहिल्यांदा खेळताना पाहिलं ते आज, फोनवर. तुम्ही विचारलंत की काय वाटलं. लाज वाटली. तिसऱ्या रांगेतला डबा माझा नाही. तो लवू सातार्डेकर यांचा आहे. ते शाळेत सुतार होते, अजून आहेत. जो व्हिडिओ पाहून तुमच्याकडच्या लोकांनी अक्षराला बोलावलं, तो त्यांनीच काढला. त्यांच्या खुर्चीवर डबा होता कारण ते कॅमेऱ्यामागे उभे होते. मी पाणी आणायला गेले नव्हते. अक्षरानं ते मला झाकण्यासाठी सांगितलं. तिला त्यासाठी काही म्हणू नका.'

त्याखाली तिनं फोनबद्दल चार ओळी लिहिल्या. वाचल्या. फार चांगल्या उतरल्या होत्या. मनाला भिडतील अशा, वाचणाऱ्याला 'किती प्रामाणिक बाई' असं वाटेल अशा. तेवढ्यावरूनच तिला लवूचं बोलणं समजलं. तिनं त्या ओळी पुसल्या आणि मेल पाठवून दिली.

अक्षराला तिनं आधीच एक मेसेज केला होता, 'मी खरं लिहिते आहे'. उत्तर उशिरा आलं: 'ओके'. आणि थोड्या वेळानं, 'काका कसे आहेत?'

'बरे आहेत,' वासंतीनं लिहिलं. यापेक्षा जास्त लिहायची तिला परवानगी नव्हती.

तेच तिनं मराठीत करून चारुताकडे पाठवलं, लवूनं मागाहून फोनवर धाडलेल्या फोटोसह. फोटोत अक्षरा हवेत होती, हात वर, पूर्ण उंचीची. खाली लिहिलं होतं, छायाचित्र: लवू सातार्डेकर.

अर्ध्या तासात चारुताचा फोन आला. आवाज गोंधळलेला.

"अगं, छान आहे, पण यात आई कुठाय? सगळं त्या सुताराचंच आहे. आणि सुरुवातीलाच तू लिहिलंयस की आई मॅचला आली नाही. असं कुणी छापतं का स्वतःबद्दल?"

"छापायचं असेल तर तसंच छाप."

"छापीन गं, पण लोक मला विचारणार. पोरगी फायनल खेळत होती तेव्हा तू होतीस तरी कुठे?"

वासंतीला तो दिवस नीट आठवत होता. जेवणाच्या टेबलावर कागद पसरले होते, शेजारी फेविकॉल होता आणि दारात अक्षरा बूट हातात घेऊन उभी होती. "आई, आज तरी येशील?" असं काहीसं ती म्हणाली होती, आणि वासंतीनं मान वर न करता सांगितलं होतं की प्रेसवाला थांबलाय.

"घरीच होते," ती म्हणाली. "कौतुकची पानं लावत होते."